‘मध्ये काही नाही’ असा देश नसतो

“अल्माटीला चार रात्री पुरेत. बाकी देशात बघण्यासारखं काही नाही.”

कझाकस्तानबद्दल मराठीत कुणालाही विचारा, पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य ऐकू येतं. टूर कंपनीचा माणूस ते म्हणतो, रीलवाले ते म्हणतात. आणि गंमत म्हणजे, पाठीवर सॅक टाकून ‘आपण पॅकेजवाले नाही’ असं सांगत फिरणारा सोलो ट्रॅव्हलरही तेच म्हणतो. फरक इतकाच की तो अल्माटीच्या चार रात्रींना पुढे किर्गिझस्तान नाहीतर उझबेकिस्तान जोडतो आणि पासपोर्टवर एक शिक्का जास्त घेऊन येतो.

टूर कंपनीवर माझा राग नाही. ज्यांना सोबत हवी, जेवणाची सोय हवी, आई-बाबांना घेऊन जायचं आहे, त्यांनी खुशाल पॅकेज घ्यावं. माझं भांडण स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्यांशी आहे. तिकीट स्वतः काढायचं, राहण्याची जागा स्वतः शोधायची आणि देशाकडे बघायची नजर मात्र पॅकेजची उसनी घ्यायची, याला स्वतंत्र प्रवास का म्हणायचं?

आधी आकार समजून घेऊ. कझाकस्तानचं क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर आहे. जगातला नवव्या क्रमांकाचा मोठा देश. आपला महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ महाराष्ट्र त्यात मावतील. आणि माणसं किती? २०२३ च्या अखेरीस लोकसंख्येने २ कोटींचा आकडा ओलांडला. २०११ च्या जनगणनेतला अविभाजित ठाणे जिल्हा आणि पुणे जिल्हा एकत्र केले तर साधारण तेवढीच माणसं भरतात. दोन जिल्ह्यांची माणसं नऊ महाराष्ट्रांवर पसरून टाका, म्हणजे त्या देशाचा अंदाज येईल.

आता ते चार रात्रींचं पॅकेज बघा. कोक-तोबेची टेकडी, मेदेउचं आइस स्केटिंग, शिम्बुलाकची केबल कार, एक दिवस चारिन कॅन्यन, जमलं तर कोलसाय आणि काइंदीचे तलाव. सगळं सुंदर आहे, यात वादच नाही. पण हे सगळं देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, अल्माटीपासून गाडीने एका दिवसात पोचता येईल अशा टप्प्यात आहे. जाहिरातीत त्याला ‘स्वस्तातलं स्वित्झर्लंड’ म्हणतात, म्हणजे त्या कोपऱ्यालाही स्वतःचं नाव मिळत नाही. कुणी परदेशी माणूस मुंबईत उतरला, माथेरान-लोणावळा करून परत गेला आणि ‘बाकी भारतात काही नाही’ म्हणाला, तर आपण त्याला काय म्हणू?

हे वाक्य आधी कुणी म्हटलं होतं?

‘मध्ये काही नाही’ हे वाक्य ट्रॅव्हल एजंटने शोधलेलं नाही. कझाक स्टेपबद्दल, म्हणजे त्या अफाट गवताळ मैदानाबद्दल, ते फार आधीपासून म्हटलं गेलं आहे. म्हणणाऱ्यांच्या हातात नकाशा होता आणि सत्ताही होती.

तिथले कझाक लोक पिढ्यान्‌पिढ्या जनावरं घेऊन फिरत. सोव्हिएत सत्तेला ही माणसं ‘स्थिर’ करायची होती. सामूहिकीकरणाच्या नावाखाली त्यांची जनावरं काढून घेतली, त्यांना सक्तीने एका जागी बसवलं. काही वर्षांत दर दहा जनावरांमागे नऊ संपली. १९३० ते १९३३ च्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली, त्यात बहुसंख्य कझाक होते. जी जमीन आपल्याला आज रिकामी दिसते, तिच्या रिकामेपणाचा एक मोठा हिस्सा असा तयार केलेला आहे.

मग रिकाम्या जागेचा वापर सुरू झाला. सायबेरियाच्या सीमेपासून चीनच्या सीमेपर्यंत जे सोव्हिएत सत्तेला नकोसे होते, त्यांना इथे आणून टाकलं. १९३७ मध्ये अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना आगगाडीत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात पाठवलं, सुमारे १ लाख ७० हजार माणसं. १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन आले, १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश. काराग़ांडाच्या भोवती ‘कार्लाग’ ही छावण्यांची प्रचंड साखळी उभी राहिली. आजच्या अस्तानापासून तासाभराच्या अंतरावर ‘अल्झिर’ नावाची छावणी होती. तिथे स्त्रियांना डांबलं होतं आणि त्यातल्या बहुतेकींचा गुन्हा एवढाच, की त्यांचा नवरा ‘देशद्रोही’ ठरला होता.

आणि मग अणुबाँब. सेमिपालातिन्स्क शहराच्या पश्चिमेला सुमारे १८ हजार चौरस किलोमीटरची जागा निवडली गेली, ती ‘निर्मनुष्य’ आहे असं सांगून. ती निर्मनुष्य नव्हती. भोवती गावं होती, शेळ्यामेंढ्या होत्या, शाळा होत्या. २९ ऑगस्ट १९४९ ला तिथे पहिला सोव्हिएत अणुस्फोट झाला. १९८९ पर्यंत ४५६ चाचण्या झाल्या, त्यातल्या ११६ जमिनीच्या वर, उघड्या आभाळाखाली. वाऱ्याबरोबर जे गेलं ते माणसांच्या फुप्फुसांत आणि जनावरांच्या दुधात उतरलं.

हे थांबलं कसं, तेही माहीत असायला हवं. फेब्रुवारी १९८९ मध्ये ओल्झास सुलेमेनोव्ह हा कवी टीव्हीवर कविता वाचायला बसला होता. कविता बाजूला ठेवून त्याने किरणोत्सर्गाच्या गळतीबद्दल निवेदन वाचलं आणि लोकांना एकत्र यायची हाक दिली. त्यातून ‘नेवाडा-सेमिपालातिन्स्क’ ही चळवळ उभी राहिली. २९ ऑगस्ट १९९१ ला, पहिल्या स्फोटाच्या तारखेलाच, ते मैदान अधिकृतपणे बंद झालं.

तेव्हा ‘मध्ये काही नाही’ हा पर्यटकाचा निरागस शेरा आहे असं मला वाटत नाही. ज्या नजरेने त्या जमिनीवर बाँब टाकले, माणसं टाकली, त्या नजरेचं ते उरलंसुरलं वाक्य आहे. तुम्ही बाँब टाकत नाही, हे खरं. पण प्लॅनिंग करताना तेच वाक्य उचलता, आणि ज्यांनी ती जमीन खरोखर रिकामी केली त्यांना विसरून जायला मदत करता.

आपण ‘भटके’ आणि ते भटके

इन्स्टाग्रामवर निम्म्या मराठी ट्रॅव्हल अकाउंट्सच्या नावात ‘भटका’, ‘भटकी’, ‘भटकंती’ असतं. शब्द गोड आहे. वाट फुटेल तिकडे जाणारा, मनाचा राजा वगैरे. खरे भटके असे नव्हते.

कझाक पशुपालकांच्या वर्षाला पक्की घडी होती. हिवाळ्याचा मुक्काम म्हणजे किस्ताउ, वसंताचा कोक्तेउ, उन्हाळ्याचा जाइलाउ, शरदाचा कुझेउ. कोणतं कुटुंब कोणत्या वाटेने जाणार, कोणत्या विहिरीवर थांबणार, कोणतं गवत आधी आणि कोणतं नंतर, हे ठरलेलं असे. आपल्याला ‘काही नाही’ दिसतं तिथे त्यांना पाणवठा, थडगं, वाऱ्याची दिशा आणि भावकीची हद्द दिसे.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. पाऊस सरला की देशावरचे धनगर वाडे मेंढरं घेऊन निघतात, कुणी कोकणात उतरतात, आणि शेतात मेंढरं बसवून खत देतात. त्यांच्या वाटा ठरलेल्या, मुक्काम ठरलेले, शेतकऱ्यांशी संबंध पिढ्यांचे. त्यांची मेंढरं ज्या माळरानावर चरतात, त्याला सरकारी कागदावर शब्द कोणता? ‘पडीक’. पडीक म्हटलं की ती जागा मोकळी झाली. मग तिथे झाडं लावा, एमआयडीसी काढा, सोलर पार्क टाका. गवत हे काहीतरी आहे, हे आपल्या भाषेलाच मान्य नाही. म्हणून स्टेप बघायला जायचं ते ‘एक्झॉटिक’ म्हणून नाही. मोकळी जमीन रिकामी नसते, हे शिकायला ती जगातली फार चांगली शाळा आहे.

मग प्लॅन कसा करायचा?

भांडून झालं, आता कामाचं बोलू. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही. ही सवलत जुलै २०२२ पासून आहे, आणि १८० दिवसांत एकूण ४२ दिवसांची मर्यादा आहे. निघायच्या आधी सरकारी साइटवर नियम पुन्हा बघा, कारण असे नियम बदलतात. दिल्लीहून अल्माटीला थेट विमानाने साडेतीन-चार तास लागतात. म्हणजे गोव्याला बसने जाण्यापेक्षा कमी.

चौदा दिवसांत नऊ महाराष्ट्र बघून होणार नाहीत. इथेच बहुतेक जण दोनातली एक चूक करतात. एक तर घाबरून अल्माटीतच राहायचं, नाहीतर पाच ठिकाणं विमानाने जोडायची. विमानाने जोडलं की मधला देश पुन्हा गायब. त्यापेक्षा नकाशावर एकच रेल्वेलाइन निवडा आणि तिच्यावर राहा. मला तीन लाइन सुचतात.

पहिली, सिर दर्या नदीची. अल्माटीहून पश्चिमेला, तुर्किस्तान नावाच्या शहरात उतरायचं. सूफी संत खोजा अहमद यसावी यांची प्रचंड समाधी तिथे आहे, तैमूरने बांधायला घेतलेली आणि १४०५ मध्ये तो मेल्यावर अर्धवट राहिलेली. पुढे किझिलोर्दा, मग तोरेताम. हे बायकोनूरचं स्टेशन. युरी गागारिन इथून गेला आणि ३ एप्रिल १९८४ ला आपले राकेश शर्माही इथूनच गेले. शहर आणि अवकाशतळ रशियाकडे भाड्याने आहेत, आत जायला बऱ्याच आधी परवानगी काढावी लागते. नाही मिळाली तर गाडीच्या खिडकीतून तेवढं मैदान बघा. त्याच्याही पुढे अराल. एकेकाळी इथे बंदर होतं. समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी कापसासाठी वळवलं आणि जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर आटलं, बंदर कोरडं पडलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००५ मध्ये कोक-अराल धरण पूर्ण झालं, उत्तरेकडचा भाग पुन्हा भरू लागला, मासे परत आले आणि मासेमारीही. उद्ध्वस्त जहाजांचे फोटो सगळे टाकतात, परत आलेल्या माशांचा फोटो टाकणारे कमी.

दुसरी, उत्तरेची. अल्माटी ते काराग़ांडा ते अस्ताना. काराग़ांडाजवळ दोलिन्का गावात कार्लागच्या मुख्य कचेरीच्या इमारतीतच संग्रहालय आहे. अस्तानाजवळ अल्झिरचं स्मारक आहे. आणि अस्तानापासून दीडेकशे किलोमीटरवर कोर्गाल्झिन, जिथे उन्हाळ्यात फ्लेमिंगो येतात. त्याच स्टेपवर सायगा नावाचं फुगीर नाकाचं हरिण राहतं. २०१५ मध्ये एका रोगाने काही आठवड्यांत २ लाखांहून जास्त सायगा मेले, आणि तरीही आज त्यांची संख्या लाखांच्या घरात आहे. ‘काही नाही’मध्ये हे सगळं राहतं.

तिसरी, तुर्कसिब. १९३० मध्ये जोडली गेलेली ही लाइन अल्माटीहून ईशान्येला सेमेयला जाते. सेमेय म्हणजेच जुनं सेमिपालातिन्स्क. वाटेत उश्तोबे लागतं. कोरियन लोकांच्या गाड्या रिकाम्या केल्या त्यातलं हे पहिलं ठिकाण. पहिला हिवाळा त्यांनी जवळच्या टेकडीपाशी जमिनीत खड्डे खणून काढला. सेमेयला कझाक साहित्याचा पाया घालणाऱ्या अबाय या कवीचं संग्रहालय आहे, हद्दपारीत आलेल्या दस्तयेव्स्कीचं घर आहे आणि अणुचाचण्यांत गेलेल्यांचं स्मारकही. प्रत्यक्ष चाचणी-मैदानावर जायला मात्र आधी परवानगी लागते.

रेल्वेत ‘प्लात्सकार्त’ नावाचा डबा असतो, आपल्या स्लीपर क्लासचा भाऊ. ५४ बर्थ, दारं नाहीत, साइड बर्थसुद्धा आहेत. ‘कुपे’ म्हणजे चार जणांची बंद खोली. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते आणि डब्याला स्वतःचा अटेंडंट असतो, बऱ्याचदा बाई. तिकिटं पासपोर्ट नंबरवर ऑनलाइन मिळतात, उन्हाळ्यात लवकर संपतात. १ मार्च २०२४ पासून अख्ख्या देशात एकच वेळ आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, त्यामुळे वेळापत्रकाचा जुना घोळ संपला. एक शनिवार-रविवार काढून सिरिलिक अक्षरं शिका. इंग्रजी पीसारखं दिसतं ते ‘र’, एचसारखं दिसतं ते ‘न’, सीसारखं दिसतं ते ‘स’. एवढ्यावर स्टेशनांच्या पाट्या वाचता येऊ लागतात. महिना मे, जून नाहीतर सप्टेंबर निवडा. जानेवारीत अस्तानाला उणे तीस होतं, ती हौस वेगळी.

हरकती

“इतकी रजा कुणाला मिळते?” खरं आहे. पण सहा दिवसच असतील तर सहा दिवसांची रेषा आखा. अल्माटीत दोन रात्री, एक रात्र गाडीत, दोन दिवस तुर्किस्तान किंवा काराग़ांडा, मग परत. रजा कमी आहे म्हणून देश लहान होत नाही.

“आम्ही शाकाहारी आहोत.” अडचण खरी आहे. हा मांसाचा देश आहे, घोड्याचं मांस मानाचं. पण तंदूरसारख्या भट्टीतली रोटी, बाउरसाक नावाचे तळलेले पिठाचे गोळे, टोमॅटो-काकडी, सफरचंदं मिळतात. गाडीत उकळतं पाणी आहेच, घरून नेलेले झटपट पोहे चालतात. आणि प्रत्येक बाजारात गाजराची एक तिखट-आंबट कोशिंबीर मिळते, ‘मोरकोव्चा’. ती कोरियन लोकांची. किमची करायला हवा तो कोबी नव्या मुलखात मिळेना, तेव्हा त्यांनी गाजर किसलं. म्हणजे शाकाहारी माणसाचं ताटच त्याला १९३७ पर्यंत घेऊन जातं, फक्त त्याने विचारायला हवं.

“सुट्टीत छावण्या आणि अणुबाँब? मूड जाईल.” ही हरकत मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण उलट टोकाला दुसरा धोका आहे. दुःखाचं पर्यटन, गायगर काउंटर हातात धरून सेल्फी. तेही नको. पण ही संग्रहालयं परदेशी पर्यटकांसाठी थाटलेली नाहीत. ३१ मे हा तिथे दडपशाही आणि दुष्काळात गेलेल्यांचा स्मृतिदिन असतो. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांनी लक्षात ठेवायला बांधलेल्या या जागा आहेत. तिथे शांतपणे तासभर जाणं म्हणजे मूड घालवणं नाही. पाहुण्याने घरातल्या फोटोंबद्दल विचारावं, तितकंच ते आहे. त्याच प्रवासात तलाव बघा, सफरचंदं खा, शिम्बुलाकला बर्फात लोळा. फक्त तेवढाच देश आहे असं सांगू नका.

“मैदानात वीस तास बसून काय करायचं?” काही नाही. खिडकीतून बघायचं, चहा प्यायचा, समोरच्या बाईने ब्रेड पुढे केला तर घ्यायचा आणि आपल्याकडचा लाडू द्यायचा. कंटाळा येईल. येऊ द्या. तो कंटाळा हेच त्या देशाचं माप आहे, आणि ते विमानातून घेता येत नाही.

एक छोटं काम सांगून थांबतो. प्रवास आखताना आपण सगळेच शीट बनवतो, आणि दोन शहरांच्या मधल्या खान्यात ‘ट्रॅव्हल डे’ लिहून रंग राखाडी करतो. या वेळी तो खाना तसा भरू नका. त्यात स्टेशनांची नावं लिहा. अल्माटी ते काराग़ांडा असेल तर ओतार, शू, सारी-शागान, मोइन्ती. मग प्रत्येक नाव शोधा. सारी-शागानपाशी गाडी बल्खाश सरोवराच्या काठाने जाते, ज्याचं पश्चिमेकडचं पाणी गोडं आणि पूर्वेकडचं खारट आहे. फलाटावर धुरी दिलेले मासे विकायला येतात. आणि त्याच नावाचं क्षेपणास्त्र-चाचणीचं मैदान शेजारी आहे, १९५०च्या दशकात आखलेलं. कारण तेव्हाही कुणीतरी नकाशावर बोट ठेवून म्हणालं होतं की इथे काही नाही.